सांगलीच्या फांदीवरचं नाव

जबाब. दिनांक १८ मार्च १९९८. पोलीस ठाणे, सांगली.

मी, सौ. विजयमाला हिंदुराव रणपिसे, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी, सह्यतीर सहकारी दूध संघाच्या सातारा येथील मुख्य कार्यालयात संगणक विभाग प्रमुख, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा. समक्ष हजर राहून सांगते की,

"राखण दिली की मग लांबनं हाक मारायची न्हाई." हे वाक्य आमच्या सांगली कार्यालयातील संगणक अधिकारी अर्जुना बिरू सरगर यांनी मला १९९५ च्या उन्हाळ्यात साताऱ्यात म्हटले होते. आजच्या चौकशीचा विषय त्या वाक्यापासून सुरू होतो असे मला वाटते, म्हणून ते आधी सांगते. जबाब लिहून घेणारे हवालदार नानासो यांनी "बाई, आधी घटना सांगा, म्हणी मागनं बघू," असे म्हटले. उपनिरीक्षक साहेबांनी "त्यांच्या पद्धतीनं सांगू द्या," असे सांगितल्यावरून पुढे सांगते.

सांगली कार्यालयाचे व्यवस्थापक श्री. दिग्विजय शितोळे यांनी अशी तक्रार दिली आहे की, तेथील संगणक चालक मंगल सदाशिव ऐवळे, वय ३१, यांनी जाणूनबुजून संगणकाची व्यवस्था बंद करून ठेवली व तिच्या चाव्या लपवल्या. मंगलला कामावरून दूर केले आहे. ती कालपासून ठाण्यात येऊन बसते आणि विचारले तर "नाव मी काढलं" एवढेच सांगते. ती खरे बोलते. पण तेवढेच खरे नाही, म्हणून मी स्वतःहून आले आहे.

आमच्या संघाचे मुख्य कार्यालय साताऱ्यात आणि दुसरे मोठे कार्यालय सांगलीत आहे. गावोगावच्या डेअऱ्यांतून येणाऱ्या दुधाची नोंद, फॅट, उत्पादकांची दर दहा दिवसांची बिले, हे सगळे १९९४ पासून संगणकावर होते. दोन्ही कार्यालये टेलिफोन खात्याच्या भाड्याच्या लाइनने जोडलेली आहेत. कोण माणूस, कोणते यंत्र, कोणता प्रिंटर आणि कोणाला कशाला हात लावता येतो, याची सगळी नोंद एका ठिकाणी असते. तिला डिरेक्टरी म्हणतात. पडद्यावर ती उलट्या झाडासारखी दिसते, मूळ वर आणि फांद्या खाली. मूळ म्हणजे संघ. एक फांदी सातारा, एक फांदी सांगली. फांदीवर माणसांची नावे.

हे झाड नेमके कोणत्या खोलीत आहे, पंचनाम्यात जागा लिहावी लागते, असे हवालदारांनी विचारले आणि टेबलावरच्या वस्तूकडे बोट दाखवून म्हणाले, "का ह्येच्यातच हाय?" ती वस्तू म्हणजे सांगली कार्यालयातील मॉनिटर. तो पांढऱ्या कापडात शिवून त्यावर लाखेची मोहोर केलेली आहे. मी सांगितले की झाड यात नाही, ही नुसती काच आहे. झाड आतल्या खोलीतल्या यंत्रात आहे आणि ते यंत्र अजून चालू आहे. साहेब म्हणाले, "नानासो, मग तुम्ही आणलंत काय?" हवालदार म्हणाले, "साहेब, व्यवस्थापक म्हनले सगळं ह्येच्यावर दिसतंय. म्हून ह्येच आणलं. आता पंचनामा झालाय." त्यावर साहेबांनी मला पुढे सांगण्यास सांगितले.

अधिकार कसे चालतात असे विचारल्यावरून सांगते. झाडाच्या मुळाशी ज्याला पूर्ण अधिकार आहे, त्याचा अधिकार आपोआप सगळ्या फांद्यांवर उतरतो, पाटाचे पाणी उतारावर जावे तसा. सुरुवातीला तो अधिकार एकट्या माझ्याकडे होता. सांगलीत कोणी नवीन माणूस लागला, कोणी पासवर्ड विसरला, प्रिंटर बदलला, तरी मला साताऱ्यात फोन यायचा आणि मी तिथून ते करायचे. त्यामुळे सांगलीची माणसे ताटकळायची. फांदीच्या तोंडाशी झडप बसवण्याची सोय या व्यवस्थेत आहे. झडप पाडली की वरचा अधिकार त्या फांदीत उतरत नाही. मग त्या फांदीचा कारभार फांदीतलाच कोणीतरी बघतो. फांदीत असा एक तरी पूर्ण अधिकाराचा माणूस असल्याशिवाय यंत्र झडप पाडू देत नाही. ते तसे विचारते.

१९९५ च्या मे महिन्यात साताऱ्यातल्या कोणीतरी सांगलीचा जुना प्रिंटर निरुपयोगी समजून झाडावरून काढून टाकला. तो बिलांचा दिवस होता. सांगलीच्या दारात बायका-माणसे बिलासाठी उभी राहिली आणि बिले छापेनात. दुसऱ्या दिवशी अर्जुना सरगर एस.टी.ने साताऱ्याला आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. ते आटपाडीकडचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले. घरात शिकलेले ते पहिले. बोलायचे हळू आणि मुद्द्याचे.

ते म्हणाले, "ताई, सांगली माझ्याकडं हाय का तुमच्याकडं?"

मी म्हणाले, "तुमच्याकडं आहे."

"मग माझ्या वाड्यावर तुमी हितनं शिट्ट्या का घालताय? मेंढरं दोन आवाजांत हुबी ऱ्हात्यात. ना हिकडं, ना तिकडं. माझा बा म्हणायचा, राखण दिली की मग लांबनं हाक मारायची न्हाई."

मी विचारले, "म्हणजे मीसुद्धा बाहेर?"

"तुमीसुदा भाइर. यायचं आसंल तर फोन करून या. च्या पाजतो."

मी त्यांना सांगली फांदीचा पूर्ण अधिकार दिला आणि झडप पाडली. आमच्या सरव्यवस्थापकांची त्याला लेखी मंजुरी आहे. झडप पडल्यावर साताऱ्याहून सांगलीची नावे दिसत होती पण हलवता येत नव्हती. मला पहिले काही दिवस विचित्र वाटले. मग त्याची सवय झाली. नंतर सांगलीहून तक्रारीचा एकही फोन आला नाही. जे फोन आले ते वेगळे होते. "ताई, ह्ये आसं का होतंय सांगा बरं," असे ते विचारायचे, आणि मलाही ते माहीत नसायचे. मग आम्ही दोन टोकांना दोन पुस्तके उघडून शोधायचो. हा भाग चौकशीशी संबंधित नाही असे हवालदारांनी सांगितले. मला तो संबंधित वाटतो, पण लिहून घेतलाच पाहिजे असे नाही.

पुढे अर्जुना यांनी त्यांच्या अधिकारातला काही भाग मंगल ऐवळे यांना दिला. नवीन नावे घालणे, जुनी काढणे, पासवर्ड बदलून देणे, एवढाच. कोणाला कोणते दार उघडेल हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला. मी एकदा सांगलीला गेले असताना ते तिला माझ्यासमोर म्हणाले होते, "मंगल, नावं तुझी, कुलपं माझी." ती म्हणाली, "आणि तुमी रजेवर गेल्यावर?" ते म्हणाले, "मी कुठं जातोय?" ही थट्टा होती. मी पण हसले होते.

अर्जुना बिरू सरगर यांचे ११ जानेवारी १९९८ रोजी सांगली येथे रुग्णालयात काविळीने निधन झाले. वय ३९. अविवाहित. मला बातमी साताऱ्यात दुसऱ्या दिवशी कळली. लेखापरीक्षण सुरू असल्याने मी जाऊ शकले नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरी दहावा नसतो, पुण्यानुमोदन असते, त्यामुळे त्यांच्याकडे कोणत्या दिवशी जायचे असते हे मी उशिरा विचारले, तोवर दिवस झाले होते.

अर्जुना गेल्यावर सांगलीचे काम एक दिवसही थांबले नाही. बिले वेळेवर छापली गेली. त्यांनी सगळे नीट लावून ठेवले होते, म्हणून कोणालाच कसला अधिकार बदलावा लागला नाही. त्यांच्या जागी कोणाला नेमायचे याचा निर्णय संचालक मंडळाकडे होता आणि तो लांबला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात श्री. शितोळे सांगलीला नवीन व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. मंगलने त्यांचे नाव फांदीवर घातले. ते संगणकावर बसले आणि बिलांचा भाग उघडायला गेले, तर तो उघडेना. तो उघडून देणे हे कुलपाचे काम, नावाचे नव्हे. मंगलने तसे सांगितले. त्या वेळी हजर असलेल्या शिपाई शालूबाई यांच्याकडून मला समजले ते असे की, श्री. शितोळे म्हणाले, "व्यवस्थापक मी का तुम्ही?" मंगल म्हणाली, "तुम्हीच, साहेब." "मग उघडा." "माझ्याकडं ते न्हाई, साहेब." "कुणाकडं आहे?" शालूबाई म्हणाल्या, "आवं साहेब, ज्याच्याकडं हुतं त्यो वर ग्येला." साहेब शालूबाईंवर चिडले आणि त्यांनी साताऱ्याला मला फोन केला.

मी साताऱ्याहून प्रयत्न केला. मुळाशी माझा अधिकार पूर्ण आहे. सांगलीची फांदी दिसत होती, पण हात लावला की "अधिकार नाही" असे उत्तर येत होते. ते अपेक्षितच होते, कारण झडप मीच पाडली होती. मला वाटले, अर्जुनाच्या नावाने आत जाऊन झडप उघडता येईल. पासवर्ड बदलण्याचा अधिकार मंगलला होताच. म्हणून मी फांदीवर त्यांचे नाव शोधले. नावे अक्षरानुसार लागतात, त्यांचे पहिले असायचे. यादी दुसऱ्याच नावापासून सुरू होत होती.

याचा अर्थ असा की सांगलीच्या फांदीचा पूर्ण अधिकार आज जगात कोणाकडेच नाही. आत कोणी नाही आणि झडप पडलेली आहे. यंत्र झडप पाडताना आत कोणी आहे का ते विचारते, पण आतला माणूस नंतर निघून गेला तर ते काही विचारत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होते. असे घडलेले मी कधी पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर भीती वाटण्याच्या आधी मला नवल वाटले, आणि मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसले.

मी १० मार्च रोजी सांगलीला आले. आमच्या संगणक खोलीत धूळ जाऊ नये म्हणून पायताण बाहेर काढून आतल्या रबरी चपला घालून जायची पद्धत आहे. प्रत्येकाचा जोड ठरलेला असतो. दाराशी चार जोड होते. त्यातला मोठा, निळ्या पट्ट्याचा जोड अर्जुनाचा. तो पुसलेला होता. भिंतीला टाचा लावून, बोटे आतल्या बाजूला, जसा अर्जुना ठेवायचा तसाच होता. मी शालूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मंगलबाई हात लावू दित न्हाईत. झाडताना उचलल्या तर वराडत्यात."

मी मंगलला आत बोलावले. आमचे बोलणे असे झाले.

"मंगल, अर्जुनाचं नाव कुठं गेलं?"

"काढलं, मॅडम."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मीच काढलं."

"का?"

"गेलेल्या माणसाचं नाव किती दिवस ठेवायचं?"

"त्या नावातच सगळी कुलपं होती, मंगल."

ती म्हणाली, "नावात व्हती? मला वाटलं यंत्रात आसत्यात." नंतर ती खाली बसली. तिचे बसणे मी पाहिले आहे. ज्याने चाव्या लपवल्या तो असा बसत नाही. हे माझे मत आहे, पुरावा नाही, असे साहेबांनी सांगितले. ते बरोबर आहे.

मंगलला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. अर्जुनाने तिला नावे शिकवली, कुलपे शिकवली नाहीत. नाव काढताना यंत्र "नक्की काढायचे का" एवढेच विचारते. कोणाचे नाव आहे, त्यात काय आहे, ते सांगत नाही.

पण माझ्या मनात एक गोष्ट राहिली. जी बाई त्याच्या चपला हलवू देत नाही, तिने त्याचे नाव आपणहून कसे काढले? मी तिला पुन्हा विचारले. ती म्हणाली, "मॅडम, माझ्यावर लिहा. दुसरं कायबी इचारू नका." हे मला कोणी शोधायला सांगितले नव्हते. मला जाणून घ्यायचे होते, म्हणून मी गेल्या रविवारी आटपाडीची गाडी पकडली आणि तिथून त्यांच्या वाडीवर गेले. अर्जुनाची आई रंगुबाई बिरू सरगर, वय सुमारे ६८, तिथे धाकट्या मुलाजवळ राहतात. मुलगा मेंढरे घेऊन बाहेर होता. त्या दारात लोकर पिंजत बसल्या होत्या.

मी नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "साताऱ्याची ताई व्हय तू? फोनवरची? मला वाटलं लय म्हातारी आसशील. त्यो सारखा म्हनायचा, ताईंस्नी इचारतो, ताईंस्नी इचारतो."

त्यांनी चहा ठेवला. मी म्हणाले की तुमच्या घरातली एक म्हण अर्जुनाने मला सांगितली होती, राखण दिली की लांबून हाक मारायची नाही.

रंगुबाई हसल्या. "ही कसली म्हन? त्येच्या बाची आन् चुलत्याची वाटनी झाली तवाचं भांडान त्ये. चुलता लांबनं वराडायचा, ह्यास्नी राग यायाचा. आमी तर दिसभर हाका मारतो. मेंढकं हाक न्हाई मारनार तर काय पत्र धाडनार?"

तीन वर्षे मी ते वाक्य मेंढपाळांची रीत म्हणून इतरांना सांगत आले. ते एका माणसाच्या रागातून आले होते. तरीही मला ते खोटे वाटत नाही.

मग मी विचारले की अर्जुना गेल्यावर तुम्ही सांगलीच्या कार्यालयात आला होता का. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत, मला आठवते तसे सांगते.

"आले व्हते की. त्येचं सामान न्ह्यायला. मंगलनं मला खुर्चीवर बसवलं, त्येच्याच. मी रडाया लागले तर ती म्हनली, मावशी, रडू नका, ह्ये बगा दादांचं नाव अजून पयलंच हाय. काचंवर बोट ठिवून दावलं मला. मला कुठं वाचता येतंय? पर बोट ठिवलं तिथं मी बी हात ठिवला. काच ऊन लागली गं. मी म्हनलं, म्हंजी त्यो अजून कामावर हाय? तर म्हनली, व्हय. म्हनलं, मग रोज सकाळी उठवता काय त्येला? आगं, दवाखान्यात शेवटाला म्हनत व्हता, आई, लय दमलोय. मी मंगलला म्हनलं, सोड त्येला, बाय. बास झालं काम. ती न्हाई म्हनली. दोनदा न्हाई म्हनली. मी तिचं पाय धराया वाकले तवा तिनं काढलं. मी इचारलं, ग्येला? ती म्हनली, ग्येला."

मग रंगुबाई म्हणाल्या, "तवाधरनं मला झोप लागती."

मंगलवर तक्रार झाली आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी मंगलची चौकशी केली. "बरी हाय का ती? तिला म्हनावं, लगीन कर आता. कुनाची वाट बघती?" मी म्हणाले, निरोप सांगते. निघताना त्यांनी मला मुलाच्या वाटणीचे म्हणून एक घोंगडे दिले. ते मी घेतले. ते माझ्याजवळ आहे, ते या प्रकरणातील वस्तू नाही.

मंगलला मी काल ठाण्याच्या बाकावर म्हणाले, "मी वाडीवर जाऊन आले." ती दचकली. म्हणाली, "मावशींना कळलं?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग बास. मला काय व्हायचं ते हू दे. त्यांस्नी वाटाया नको, पोराला सोडवलं आन् दुसऱ्याच्या लेकीला अडकवलं." मी तिला म्हणाले की मला सांगावे लागेल. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आत्ताही ती बाहेर त्याच बाकावर आहे. मी आत येताना तिने मान वळवली.

संघाचे नुकसान किती असे विचारल्यावरून सांगते की, दूध, पैसे, बिले यांची कोणतीही नोंद गेलेली नाही. आजही सांगलीचे रोजचे काम चालू आहे. नवीन दार उघडता येत नाही, एवढेच अडले आहे. संगणक पुरवणाऱ्या पुण्याच्या लोकांशी मी बोलले. त्यांच्याकडे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सांगलीची फांदी मुळापासून छाटून नवी लावायची, सगळी नावे, यंत्रे, कुलपे पुन्हा घालायची. याला फार दिवस लागतील आणि चुका होतील. दुसरा म्हणजे डिसेंबरमध्ये झाडाची नक्कल करून जपून ठेवलेली टेप यंत्रात चढवायची. तेव्हाची फांदी जशीच्या तशी परत येईल, आणि तिच्यावर अर्जुनाचे नाव असेल, पहिले. त्या नावाने आत जाऊन झडप उघडायची, अधिकार दोन जिवंत माणसांना द्यायचा आणि ते नाव पुन्हा काढायचे. मी दुसरा मार्ग सुचवला आहे. म्हणजे त्याला एकदा परत बोलवावे लागेल. चार-पाच मिनिटांचे काम आहे.

अर्जुनाचा पासवर्ड बदलून त्या नावाने आत जाण्याचे काम मंगलनेच करावे असे मी संघाला कळवले आहे, कारण तो अधिकार त्याने तिला दिला होता, मला नाही. ती ते करायला तयार होईल का, हे मला माहीत नाही.

माझा कोणावरही आरोप नाही. श्री. शितोळे नवीन आहेत, त्यांना दार उघडले नाही, त्यांना राग आला. माझ्या मते हा गुन्हा नाही. अधिकार द्यायचा कसा हे आम्ही सगळे शिकलो होतो. ज्याला दिला तो माणूस गेला तर काय, हे शिकायचे राहिले होते, आणि ते शिकवणारे त्या वेळी कोणी नव्हते.

वरील सर्व मजकूर हवालदार नानासो यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "ग्येला" या शब्दापाशी ते थांबले आणि पाणी प्याले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. त्यात माझ्याकडून खोटे काही नाही आणि कोणाच्या दबावाखाली काही नाही.

सही करण्याआधी एक विनंती नोंदवून घ्यावी असे मी सांगितले. साहेबांनी ती लिहून घेण्यास परवानगी दिली, मान्य केली असे नाही. नाव काढले जात असताना मंगलशिवाय तिथे फक्त रंगुबाई होत्या. त्यांच्या जबाबाशिवाय माझे म्हणणे म्हणजे ऐकीव गोष्ट आहे, आणि मंगल सुटायची असेल तर त्यांना विचारावेच लागेल, हे साहेबांनी मला नीट समजावून सांगितले. मला ते समजले आहे. तरी माझी विनंती आहे की रंगुबाई बिरू सरगर यांना या कामासाठी बोलावू नये, त्यांच्या वाडीवर कोणाला पाठवू नये आणि टेप चढवण्याच्या दिवशी आम्ही काय करणार आहोत ते त्यांच्या कानावर जाऊ देऊ नये.

सौ. विजयमाला हिंदुराव रणपिसे